बाजूच्या दारातली होडी

माझ्या बहिणीच्या नवऱ्याने आयुष्यात कधी कुणाचं वाईट केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकताना तुम्हाला वेगळं वाटायची शक्यता आहे. भावोजी म्हणजे देवमाणूस, असं सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? त्यांना देवमाणसाच्या घरात बाजूच्या दाराने शिरायचं नसतं.

भावोजी कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात आणि भावोजी घराच्या मागच्या खोलीत बसून त्या ठशाबरहुकूम दात बसवून देतात. पस्तीस वर्षं हेच काम. त्या खोलीत भिंतभर फळ्या आहेत आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे मांडलेले आहेत, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर. माणूस जाऊन दहा वर्षं झाली तरी त्याचा जबडा फळीवर असतो. टाका म्हटलं की म्हणतात, "असू दे गं. टाकायला काय, कधीही टाकता येतो." बोलताना ते तुमच्या डोळ्यांत बघत नाहीत, दातांत बघतात. मला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. नाव-गाव काही नाही, थेट विचारलं, "डाव्या बाजूने चावत नाहीस का तू?" खरं होतं ते. पण त्याच दिवशी मी ताईला म्हटलं होतं, अजून विचार कर.

होडी आली त्याला अकरा वर्षं झाली. त्यांचं एक म्हातारं गिऱ्हाईक वारलं. त्याचा मुलगा भेटायला आला आणि म्हणाला, बाबांना तुम्ही शेवटपर्यंत चावून खाता येईल असे दात दिलेत, बाबांची शिडाची होडी आहे, ती तुम्ही घ्या. फुकट. धर्माची गाय अन् दात का गं नाय, असं म्हणतात. बाकीच्यांनी नसते बघितले तर चाललं असतं, पण भावोजींचा तर धंदाच दातांचा. त्यांनी बघायला हवे होते. त्या गाईला एकही दात नव्हता. मुलाने मोठ्या युक्तीने आपल्या गळ्यातली धोंड काढून आमच्या गळ्यात बांधली आणि वर उपकारही केले.

अठरा फूट लांब, फायबरची, कधीकाळी पांढरी. ती पाण्यात आमच्याकडून एकदाच गेली. भावोजी सुकाणूवर, मी दोरी धरून, आणि ताई पोळीच्या डब्याने पाणी उपसत. शेवटी एका मच्छीमाराने दोरी बांधून आम्हाला ओढत किनाऱ्याला आणलं आणि वाटेत एकदाही मागे वळून बघितलं नाही. बिचाऱ्याला हसू आवरत नसावं. मग "दोन महिने दुरुस्तीला" म्हणून होडी घरी आली, आणि घराच्या बाजूच्या बोळात लाकडी ठोकळ्यांवर चढून बसली.

आता त्या घराचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. ताईचं घर उतारावर आहे. पुढून आत जायला नऊ पायऱ्या, अरुंद, पाचव्या पायरीला वळण. बाजूने मात्र फाटकापासून सरळ बोळ जातो तो थेट स्वयंपाकघराच्या दारापाशी. एक उंबरठा सोडला तर पायरी नाही. घर घेतलं तेच ताईने त्या दारासाठी. म्हातारपणी सोपं पडेल, म्हणाली होती. त्या बोळात होडी आली आणि ते दार वीतभर उघडायला लागलं. त्यातून मांजर जायचं. ताईने पहिली दोन वर्षं भांडण केलं, पुढची दोन वर्षं टोमणे मारले आणि नंतर होडीच्या कठड्यावर ओली फडकी वाळत घालायला लागली. बायका हरल्या की असं करतात.

होडी खायला काळ आणि भुईला भार. काय खात होती म्हणाल, तर रविवार. दर रविवारी भावोजी ताडपत्री उचलून आत शिरायचे. जिथे भोक दिसेल तिथे ते कवळीचं साहित्य भरायचे, म्हणजे हिरड्यांसाठी जे गुलाबी असतं ते. कवळी मोडू नये म्हणून आत बारीक पोलादी जाळी घालतात, तशी जाळीही घालायचे. वर पॉलिश करायचे. अकरा वर्षांत त्या होडीला जागोजाग गुलाबी हिरड्या फुटल्या. इतकं मन लावून केलेलं इतकं निरुपयोगी काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

गेल्या महिन्यात ताई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पुढच्या पायऱ्या चढत होती. पाचव्या पायरीला पाय सटकला आणि ती खाली आली. पाठीच्या मणक्याला मार बसला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "दीड-दोन महिने चाकाची खुर्ची लागेल, मग बघू." आम्ही दीड-दोन महिने तेवढं ऐकलं. शनिवारी घरी सोडायचं ठरलं.

मी शाळेच्या ऑफिसात परीक्षा विभाग सांभाळते. चारशे मुलांचे बैठक क्रमांक मी एका दुपारी लावते, एक होडी काय चीज आहे, असं मला वाटलं. आठवड्याची रजा टाकून सोमवारी सकाळी ताईच्या घरी हजर झाले.

"आली फौजदार," भावोजी म्हणाले. ते मागच्या खोलीत चाकावर एक कवळी घासत होते. ही पदवी त्यांनी मला तीस वर्षांपूर्वी दिली आहे.

"भावोजी, शनिवारच्या आत बोळ रिकामा हवा."

"मी मोजलंय. होडी आणि भिंत यांच्यात सोळा इंच आहेत."

"आणि खुर्ची?"

"सव्वीस."

"मग?"

त्यांनी कवळी उजेडात धरून पाहिली. "दीड महिन्याचा तर प्रश्न आहे. चार माणसं बोलावू. पुढच्या पायऱ्यांवरून खुर्चीसकट उचलू."

"रोज? तपासणीला न्यायचं, परत आणायचं, तिला जरा बाहेर बसावंसं वाटलं तर? आणि कुठल्या पायऱ्यांवरून म्हणताय तुम्ही, लक्षात येतंय का?"

त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी चाक बंद केलं. मग बराच वेळ टेबलावरची पांढरी पूड हाताने गोळा करत राहिले. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. पण मोडायची नाही. चांगल्या हातात द्यायची."

चांगल्या हातात! लग्नाची मुलगी आहे का ती? पण मी जीभ आवरली. मंगळवारी सकाळी फोनवर जाहिरात टाकायला बसले. लिहिलं, शिडाची होडी, मोफत, उत्तम स्थितीत, स्वतः घेऊन जावे.

"उत्तम स्थितीत काढ," भावोजी मागून म्हणाले.

"बरं, बऱ्या स्थितीत."

"बरीही नाही. गळते ती. लोक विश्वासाने येतील, समुद्रात जातील. तू जबाबदारी घेणार?"

काढलं. तेवढ्यावर थांबते तर ते भावोजी कसले? त्यांनी कागद घेतला आणि होडीतले दोष लिहून काढले, नंबर टाकून. सत्तेचाळीस भरले. तेही जाहिरातीत घाल म्हणाले. मी घातले नाहीत. मग त्यांनी तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून होडीलाच टांगला.

तरीही माणसं आली, हे विशेष. फुकट म्हटलं की लोक तापसुद्धा घेऊन जातील. दुपारी एक तरुण जोडपं आलं. दोघांच्याही डोळ्यांत समुद्र. मुलगी होडीच्या पुढच्या टोकाला हात लावून म्हणाली, "किती गोड!" मी मनातल्या मनात शनिवार गाठला. तेवढ्यात भावोजी प्लास्टर खरवडायची सुरी घेऊन आले आणि त्यांनी होडीवर ठकठक करत एकेक दोष दाखवायला सुरुवात केली. नवव्या नंबरला मुलाचा चेहरा उतरला. चौदाव्याला भावोजींनी त्याला विचारलं, "पोहता येतं ना दोघांना?" पंधरावा ऐकायला ते थांबले नाहीत. जाताना भावोजी मुलीला म्हणाले, "अक्कलदाढ दाखवून घे, वाकडी येतेय."

संध्याकाळी एक हॉटेलवाला आला. त्याला गळती असली तरी चालणार होती, उलट हवीच होती. होडी हॉटेलसमोर ठेवायची, आत माती भरायची आणि फुलझाडं लावायची, असा त्याचा बेत होता. ट्रक त्याचा, माणसं त्याची, उद्या सकाळी आठला न्यायची. मला तर त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"माती?" भावोजी म्हणाले. "होडीत?"

"हो. वरून वेली सोडायच्या."

"नाही जमणार," भावोजी म्हणाले आणि आत निघून गेले. त्या माणसाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तुम्ही उद्या या, मी बघते." आतून आवाज आला, "येऊ नका!" सज्जन माणसाचा हट्ट हा दुर्जनाच्या हट्टापेक्षा वाईट. दुर्जनाला निदान शिव्या देता येतात.

बुधवारी मी भावोजींना न विचारता भंगारवाल्याला बोलावलं. त्याने होडीभोवती एक चक्कर मारली, बोटाने टिचकी मारली आणि मान हलवली.

"फायबर आहे बाई. लोखंड असतं तर डोळे मिटून नेलं असतं. याला कुत्रं विचारत नाही. ती काठी तेवढी द्या, अ‍ॅल्युमिनियमची आहे."

डोलकाठी घेऊन तो गेला. हत्ती जातो आणि शेपूट राहतं, असं ऐकलं होतं. आमच्याकडे शेपूट गेलं आणि हत्ती तिथेच.

मग नगरपालिका. पहिल्या खिडकीवर सांगितलं, जुनी वाहनं दुसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावरचे साहेब म्हणाले, याला चाकं नाहीत, हे वाहन नाही. मग हे काय आहे? ते म्हणाले, तुम्हीच सांगा. बांधकामाचा राडारोडा? नाही. फर्निचर? मी म्हटलं, हो, अकरा वर्षं एकाच जागी आहे, फर्निचरच समजा. ते हसले नाहीत. त्यांनी बंदर खात्यात पाठवलं. बंदर खात्यातल्या बाईंनी विचारलं, होडी कुठे आहे? मी म्हटलं, बोळात. त्या म्हणाल्या, आमच्याकडे पाण्यातल्या होड्या. जमिनीवरच्या नगरपालिकेकडे. माझ्या नाकी नऊ आले. माझ्या ऑफिसात आलेल्या पालकांना मीही कधी कधी असंच फिरवते, हे त्या जिन्यावर माझ्या लक्षात आलं. ते जाऊ दे.

शेवटी तळमजल्यावरच्या कचऱ्याच्या खात्यात एका मुकादमाला दया आली. "बाई, तिचे तुकडे करा," तो म्हणाला. "कवेत मावेल एवढा तुकडा. शुक्रवारी सकाळी आमची गाडी तुमच्या गल्लीत येते. फाटकाबाहेर रचून ठेवा, मी सांगतो माणसांना." त्याला मी मनापासून आशीर्वाद दिले. त्याच्याच वयाची असूनही दिले.

घरी येऊन भावोजींना हे सांगितलं. ते जेवत होते.

"तुकडे नाहीत," ते म्हणाले.

"मग काय करायचं? आज बुधवार आहे."

"अजून एखादं गिऱ्हाईक येईल."

तेव्हा माझा तोल गेला. एवढे दिवस जे दातांखाली धरून ठेवलं होतं ते बाहेर आलं. "ताई त्या पायऱ्यांवर का पडली माहीत आहे ना तुम्हाला? दोन्ही हातांत ओझं घेऊन ती पुढून का चढत होती? कारण बाजूच्या दारात तुमची ही लाडकी बसली होती. अकरा वर्षं! तिने एकदा तरी म्हणायचं बाकी ठेवलं का? आता तिला उचलून न्यायची वेळ आली तरी तुम्ही होडीला स्थळं बघताय!"

त्यांनी ताटातलं संपवलं, ताट धुतलं, पालथं ठेवलं आणि मागच्या खोलीत गेले. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी. आणि खरं सांगू का, मी बोलले त्याचं मला वाईटही वाटलं नाही. खरं होतं ते.

गुरुवारी सकाळी नेहमीसारखे ते थर्मासमध्ये चहा घेऊन दवाखान्यात गेले. ते फाटकाबाहेर पडले आणि दहाव्या मिनिटाला मी सांगून ठेवलेला सुतार विजेची करवत घेऊन आत आला. चोरून केलं, हो. दुसरा इलाज नव्हता. सुताराने कठडा कापला, दोन फळ्या काढल्या आणि पोटाला करवत लावली. कर्रकन आवाज आला आणि पातं तुटलं. दुसरं लावलं. चार बोटं पुढे गेलं नाही तोच तेही तुटलं. तो खाली वाकला, त्या गुलाबी ठिगळावर हात फिरवला आणि मला म्हणाला, "हे काय आहे?"

"हिरडी," मी म्हणाले.

"काय?"

"कवळीची हिरडी. आत जाळी आहे."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. तिसरं पातं तुटल्यावर त्याने करवत पिशवीत घातली. "बाई, ही होडी नाही, जबडा आहे. तो माझीच पाती खातोय." आणि गेला. होडीचं तोंड अर्धवट उघडलेलं, मी बोळात डोक्याला हात लावून बसलेली, आणि शनिवारला दोन दिवस उरलेले.

भावोजी रोज बाराला परत येत. त्या दिवशी तीन वाजले. फाटक उघडून आत आले आणि त्यांनी होडी बघितली. कापलेला कठडा बघितला. मी उभी राहिले. भांडणाला मी पदर खोचून तयार होते.

"डॉक्टर भेटले?" मीच विचारलं.

"भेटले."

"काय म्हणाले?"

"शनिवारी सोडतो म्हणाले."

एवढं बोलून ते आत गेले. बाहेर आले ते कामाचा ॲप्रन घालून, हातात त्यांचं ग्राइंडर, खिशात दातांची धातूची जाळी कापायच्या चकत्या. त्यांनी खडू घेतला आणि होडीवर रेघा मारल्या. कुठे काय भरलंय, किती खोल जाळी आहे, ते सगळं त्यांना पाठ होतं. प्रत्येक ठिगळाच्या कडेकडेने रेघ वळवली, आणि मग कापायला सुरुवात केली. सुताराला तीन पाती मोडून जे जमलं नाही ते ते लोणी कापावं तसं कापत होते. पांढरी धूळ उडत होती. तोंडाला रुमाल बांधून मी तुकडे फाटकाबाहेर नेऊन रचत होते.

मला आनंद आवरेना. "उशिरा का होईना, सुचलं म्हणायचं," मी म्हणाले.

त्यांनी ग्राइंडरची चकती बदलली.

"रात्री माझं बोलणं लागलं वाटतं चांगलंच?"

"तो तुकडा दोन हातांनी धर. कडा लागेल," ते म्हणाले.

अंधार पडेपर्यंत अर्धी होडी झाली. शुक्रवारी उजाडल्यावर उरलेली. नऊ वाजता कचऱ्याची गाडी आली आणि मुकादम शब्दाला जागला. त्याची माणसं तो गुलाबी-पांढरा ढीग उचलताना हसत होती. भावोजी बघायला बाहेर आले नाहीत. ते बोळ झाडत होते. अकरा वर्षांनी मी तो बोळ पुरता बघितला. ठोकळ्यांखालची फरशी वेगळ्याच रंगाची होती.

मला वाटलं झालं, आता निवांत चहा घेऊ. तर भावोजींनी छिन्नी आणली आणि स्वयंपाकघराच्या दाराचा उंबरठा फोडायला घेतला.

"अहो, हे कशाला? फळी टाकू की एक."

"फळी हलते."

उंबरठा काढून त्यांनी तिथे सिमेंटचा उतार केला. कुठलं मिश्रण किती वेळात आळतं हे त्यांना कुणी शिकवायला नको. लवकर धरणारं सिमेंट आणलं होतं. गुडघ्यांवर बसून थापीने तो उतार कवळी घोटावी तसा घोटला. मग भिंतीला, बसल्या माणसाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर, लोखंडी नळीचा कठडा ठोकला. स्क्रू चार पुरले असते, त्यांनी आठ मारले.

मला पुन्हा राग यायला लागला. या माणसाला मधला रस्ता म्हणून माहीत नाही. अकरा वर्षं काही करणार नाही, आणि करायला लागला की घर फोडणार. "दीड महिन्यासाठी केवढा हा पसारा," मी म्हणाले. "नंतर हे सगळं परत उखडत बसा."

त्यांनी थापी धुतली. पाणी टाकलं. परत धुतली.

शनिवारी दुपारी चारला ताईला आणलं. दवाखान्याच्या गाडीतून खुर्ची खाली घेतली, ताईच्या पायांवर शाल घातली. ती बारीक झाली होती, पण केस विंचरलेले होते आणि तोंडाचा पट्टा चालू होता. दवाखान्यातली उशी कशी दगड होती, शेजारची बाई कशी घोरायची. भावोजी फाटक धरून उभे होते. मी मागून खुर्ची ढकलत होते आणि मनात म्हणत होते, आता बघेल, आता बघेल. आठवडाभर मी जिवाचं रान केलं होतं. कौतुकाचे दोन शब्द मला हवे होते, का लपवू?

खुर्ची बोळात वळली आणि ताई बोलायची थांबली.

"होडी कुठाय?"

"गेली!" मी म्हणाले. "काल सकाळी. काय काय केलं ते नंतर सांगते. भंगारवाला काय, नगरपालिका काय! सुताराची तीन पाती मोडली. शेवटी भावोजींनी स्वतःच्या हाताने कापली, मी म्हटलं ना, एकदा खडसावल्याशिवाय..."

"थांब," ताई म्हणाली.

मी थांबले. खुर्चीही थांबवली. ती समोर दाराकडे बघत होती. उंबरठा नव्हता. राखाडी उतार होता, घोटून गुळगुळीत केलेला. भिंतीला कठडा होता.

"हा उतार यांनी केला?"

"हो. मी म्हटलं फळी टाका, तर ऐकतील तर शपथ."

ताईने मान वळवून भावोजींकडे पाहिलं. ते अजून फाटकाशीच होते. फाटक लावायचं सोडून कडी हातात धरून उभे होते.

"दीड महिन्यासाठी तुम्ही होडी मोडली नसती," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. भाजी आणली का, असं विचारावं तसा. "चार माणसं बोलावली असती. पायऱ्यांवरून उचलून नेलं असतं मला. ओळखते मी तुम्हाला. काय म्हणाले डॉक्टर?"

मी भावोजींकडे बघितलं. गुरुवार. तीन वाजले होते. मी विचारलं होतं आणि त्यांनी खरं तेच सांगितलं होतं, फक्त अर्धं. आणि मी त्यांना विचारत होते, माझं बोलणं लागलं का म्हणून! तिथल्या तिथे मला माझी लाज वाटली.

भावोजी कधी नव्हे ते तिच्या डोळ्यांत बघत होते. "बसता येईल," ते म्हणाले. "हात चांगले राहतील. सगळं करता येईल म्हणाले, बसून."

"आणि चालणं?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

 शेजारच्या घरात कुणीतरी नळ सोडला होता, तेवढा आवाज.  आठवडाभर मी दारोदार फिरून, माणसांच्या पाया पडून, भांडून ती होडी हलवायला निघाले होते. ताईला घरात घ्यायचं म्हणून. आणि रिकाम्या झालेल्या त्या बोळाने तिला जे सांगितलं, ते सांगायचं धाडस भावोजींना झालं नव्हतं, आणि मला तर ते कळलंच नव्हतं.

"बरं," ताई म्हणाली. मग जरा वेळाने, "चल, ने मला आत."

मी मागे होते. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. तिचे खांदे ताठ होते, मान ताठ होती, शालीवरचे हात जागच्या जागी होते. पण खुर्चीचे दांडे माझ्या मुठीत थरथरत होते, आणि खुर्ची अजून मी हलवलेली नव्हती.